परदेशातील उपकरणे आणि आपल्या घरची वीज

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायानिमित्त परदेशी आहेत. सुटीत येताना आईवडिलांसाठी, क्वचित वसतिगृहासाठीही, विजेवर चालणारी एखादी वस्तू ते प्रेमाने आणतात. ही भेट घातक ठरू नये, यासाठी चार गोष्टी येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ असते. अमेरिकेत हेच आकडे १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ असे आहेत. जपानमध्ये दाब अवघा १०० व्होल्ट. त्यातही टोकियोकडे ५० हर्ट्झ, तर ओसाकाकडे ६० हर्ट्झ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन व ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली, त्याचा हा परिणाम आहे. दुबईतील दाब मात्र आपल्यासारखाच असतो. तेथील प्लगच्या पिना तेवढ्या चौकोनी असतात.

इस्त्री, भाताचा कुकर यांसारख्या तापणाऱ्या उपकरणांत दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. अमेरिकेतील १००० वॅटचा कुकर तेथे सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेतो. तोच येथे थेट लावल्यास प्रवाह जवळजवळ १६ अँपिअर होतो आणि शक्ती साडेतीन हजार वॅटच्या पुढे जाते. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला पडेलच असे नाही. म्हणजे खटका पडण्यापूर्वीच तार जळते आणि प्रसंगी आग लागते. याउलट आपली २३० व्होल्टची इस्त्री अमेरिकेत नेली तर ती जेमतेम पाव शक्तीने तापते.

बाजारात स्वस्तात मिळणारा ट्रॅव्हल ॲडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो. दाब बदलत नाही. बहुतेक अपघातांचे मूळ या गैरसमजात असते. दाब उतरवण्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची क्षमता उपकरणाच्या वॅटपेक्षा निदान दीडपट असावी; १००० वॅटच्या कुकरला १५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. मात्र ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. विजेच्या वारंवारतेवर चालणारे ६० हर्ट्झचे घड्याळ येथे तासाला १० मिनिटे मागे पडते, आणि काही मोटारी संथ फिरून अधिक तापतात.

मग ओळखावे कसे? उपकरणाच्या तळाशी अथवा चार्जरवर बारीक अक्षरांतील पट्टी असते. तिच्यावर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे असेल, तर ते सर्वत्र चालते. मोबाइल व लॅपटॉपचे बहुतेक चार्जर असे असतात. केवळ १०० किंवा १२० व्होल्ट असे लिहिले असेल, तर ते थेट लावू नये. काही उपकरणांवर दाब निवडण्याचा खटका असतो. प्लग लावण्यापूर्वीच तो २३० किंवा २४० वर आणावा. तीन पिनांच्या उपकरणाची अर्थिंगची पिन तोडून ते दोन पिनांच्या सॉकेटात कधीही बसवू नये. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर अर्थिंगची तारच माणसाला वाचवते.

वसतिगृहात एका उपकरणाला अनेक मुलांचे हात लागतात. म्हणून आमची विनंती एवढीच की, जड उपकरण विमानातून आणण्यापेक्षा त्याच रकमेत येथील २३० व्होल्टचे, आयएसआय चिन्हाचे उपकरण घ्यावे. ते बिघडल्यास तालुक्याच्या गावीही दुरुस्त होते, आणि देणाऱ्याचा सद्भाव अनेक वर्षे उपयोगी पडतो.