काळं पान हवंय? मग एल्डर कशाला?

रील्स बघताना कधी ना कधी ते तुमच्यासमोर आलं असेलच. काळपट जांभळ्या पानांचं झुडूप. पानं अशी की कुणी बारीक कात्रीनं कातरून काढलीत. त्यावर फिक्या गुलाबी फुलांचे चपटे घोस. नाव काय, तर 'ब्लॅक लेस'. फोटो सेव्ह होतो, मैत्रिणीला पाठवला जातो आणि मग प्रश्न येतोच, 'हे आपल्याकडं येईल का गं?'

नायगावात? खरं सांगायचं तर, नाही येणार. पण लगेच हिरमुसू नका. काळ्या पानांची हौस आपल्या अंगणातही मस्त भागते, आणि तीही न्हाणीच्या पाण्यावर. कशी, ते बघू.

हे एल्डर आहे तरी कोण?

हॅरी पॉटरवाल्यांना हे नाव नवं नाही. 2007 साली आलेल्या शेवटच्या पुस्तकात जी सगळ्यात ताकदवान छडी आहे, ती 'एल्डर वाँड', म्हणजे याच झाडाच्या लाकडाची. युरोपात एल्डर गावोगाव कुंपणाला उगवतं. फुलांचं सरबत होतं, पिकलेली फळं शिजवून जॅम करतात, त्यांची वाइनही होते. कच्ची फळं, पानं आणि फांद्या मात्र विषारी. त्यातून सायनाइड तयार होतं, म्हणून कुणी तशीच तोंडात टाकत नाही.

रानातल्या एल्डरची पानं हिरवीच असतात. काळ्या पानांचे वाण माणसानं तयार केलेत. 'ब्लॅक लेस' आणि त्याचं भावंड 'ब्लॅक ब्यूटी', दोन्ही इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग इथल्या संशोधन केंद्रातून आले.

मग आपल्याकडं अडचण काय? हे थंड देशाचं झाड. हिवाळ्यात पानं गाळून झोपतं आणि वसंतात जागं होतं. त्याला गारवा लागतो, ओलसर जमीन लागते. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-44 अंशांवर. त्या उन्हात ती लेससारखी पानं दुपारपर्यंत पापड होतील. भारतात एल्डरची रानटी भावंडं आहेत, पण ती काश्मीरसारख्या हिमालयी भागात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. असे खास वाण बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत, फांदीपासून रोपं करावी लागतात. त्यामुळे 'ब्लॅक लेसचं बी, फक्त 99 रुपयांत' अशी जाहिरात दिसली तर पुढं सरका. 'काळा गुलाब' आणि 'निळी स्ट्रॉबेरी' विकणारेही याच रांगेत उभे असतात.

पान काळं होतं कशामुळं?

उत्तर आहे अँथोसायनिन. हे पानातलं एक रंगद्रव्य. जांभळाचा जांभळा रंग त्याचाच. काळपट पानातही हिरवं हरितद्रव्य असतंच, फक्त वरचा गडद रंग त्याला झाकतो.

हे द्रव्य तुम्ही चैत्रात पाहिलेलं आहे. आंब्याची, पिंपळाची नवी पालवी तांबूस असते ना, तेच ते. कोवळ्या पानाला कडक ऊन सोसत नाही, तेव्हा हा रंग छत्रीचं काम करतो. पान जून झालं की छत्री मिटते, पान हिरवं होतं. काळ्या पानांच्या झुडपांत ही छत्री कायम उघडी राहते, एवढाच फरक.

शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी करून त्यात लिंबू पिळलं होतं, आठवतंय? ते गडद गुलाबी होतं आणि सोडा टाकला की हिरवट. तो खेळ अँथोसायनिनचाच. लाल माठ आणि बीट मात्र वेगळ्या घराण्यातले, त्यांचं रंगद्रव्य दुसरं.

आता यातली कामाची गोष्ट. हा रंग उन्हात चढतो आणि सावलीत उतरतो. एल्डरसुद्धा सावलीत लावलं तर हिरवट पडतं. आणि ऊन ही नायगावात कधीच न संपणारी वस्तू आहे. म्हणजे फोटोतलं झाड आपल्याला परवडत नसलं तरी फोटोतला रंग परवडतो.

आपल्या अंगणातली काळी मंडळी

*काळी तुळस :* सगळ्यात आधी हिचं नाव. कृष्ण तुळशीची देठं आणि पानं जांभळट. भरपूर ऊन मिळालं की आणखी गडद. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर झुडूप भरगच्च राहतं.

*अकॅलिफा :* नर्सरीत जाऊन 'तांबड्या पानांचं अकॅलिफा' मागा. मूळचं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं, पण आपल्याकडं चांगलं रुळलंय. तांबूस, कांस्य, गडद लाल अशा छटा येतात. माणसाएवढं उंच होतं, छाटणी सोसतं. कुंपणाला एल्डरची जागा घेणारं झुडूप हवं असेल तर हेच.

*लाल अंबाडी :* अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आपल्याला सांगायला नको. सीमेपलीकडं तेलंगणात तिलाच गोंगुरा म्हणतात. लाल अंबाडीची देठं लालभडक, पानांच्या शिरा लाल आणि बोंडं तर बघत राहावीत अशी. एल्डरच्या फुलांचं सरबत ते करतात, आपण अंबाडीच्या बोंडांचं करू. तिचीच एक बहीण आहे, जिची अख्खी पानं मरून असतात. नर्सरीत दिसली तर सोडू नका.

*कर्दळ आणि काळ्या देठाचा अळू :* ही झुडपं नव्हेत, पण न्हाणीच्या पाण्याचे जुने मानकरी. कांस्य रंगाच्या पानांची कर्दळ मिळते. काळ्या देठाच्या अळूची वडी किती छान होते, ते आजीला विचारा.

*लाल एरंड :* दिसायला सगळ्यात जोरदार, वाढायलाही. पण बियांमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं. घरात लहान मूल असेल, शेरडं-करडं असतील, तर हा विचार सोडा. मोकळ्या जागेत लावलाच, तर बोंडं धरताच खुडून टाका.

रोप तुमचं, घागर कुणाची?

आता मुद्द्याचं बोलू. 2016 चा एप्रिल आठवतो? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली, तेव्हा तिच्यात 5 लाख लिटर पाणी होतं. आपण त्या भागातली माणसं. आपल्याकडं बाग म्हटलं की पहिला हिशेब पाण्याचाच.

समजा, दहा कुंड्या आहेत. मे महिन्यात एका मोठ्या कुंडीला रोज दोन लिटर धरा. झाले वीस लिटर. महिन्याला सहाशे. टँकरच्या दिवसांत हे पाणी कोण आणणार?

इथंच आपली गंमत होते. दहावी झाली की कुणी 'लातूर पॅटर्न'च्या मागं लातूरला, कुणी नांदेडला, नंतर कुणी पुण्याला स्पर्धा परीक्षेला. रोपं आणतो आपण, फोटो टाकतो आपण आणि उन्हाळ्यात घागर उचलते आई. आपली हौस म्हणजे तिचं रोजचं एक काम वाढलं. तेव्हा रोप आणण्याआधी तिला विचारा, कुठं लावू, काय लावू. कदाचित ती म्हणेल, 'अकॅलिफा-फिकॅलिफा नको, अळूच लाव.' ऐका तिचं. ज्या झाडाचा घरात कुणाला तरी उपयोग असतो, त्याला दुष्काळातही तांब्याभर पाणी मिळतं.

आणि शक्यतो कुंडी नको, जमीन बरी. जमिनीत मूळ खोल जातं. एकदा झुडूप रुजलं की रोजच्या पाण्याची गरज राहत नाही, दोन-चार दिवसांआड दिलं तरी तग धरतं.

लावायचं कसं?

• मे महिन्यात दीड-दोन फुटांचा खड्डा खणा, तापू द्या. लावणी मात्र जून-जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावरच.

• आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्हींत मुळांचे हाल. तिच्यात थोडा मुरूम किंवा वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

• जागा पूर्वेची निवडा. सकाळचं ऊन रंग चढवतं, दुपारी भिंतीची सावली पान वाचवते.

• अकॅलिफा विकत आणायचीही गरज नाही. शेजारच्या काकूंकडून पेन्सिलएवढ्या जाडीच्या चार-पाच फांद्या मागून आणा आणि पावसाळ्यात ओल्या मातीत खोचा. चारातली एखादी मेली तरी बाकीच्या फुटतात.

• पहिला उन्हाळा म्हणजे रोपाची बोर्डाची परीक्षा. बुंध्याभोवती सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर द्या, ओल टिकते. पश्चिमेला तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करा.

• तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त घाला. न्हाणीचं पाणी कर्दळीला आणि अळूला चालतं. कपड्यांच्या सोड्याचं पाणी मात्र झाडांना नको, माती खराब होते.

• छाटणी पावसाच्या तोंडावर. नव्या फुटव्याला रंग सगळ्यात छान येतो. एप्रिल-मेमध्ये कात्रीला हात लावू नका, आहे ती पानंच बुंध्याला सावली देतात.

एल्डर इंग्लंडात सुखी आहे, त्याला तिथंच राहू द्या. आपण पहिल्या पावसाची वाट बघू. तोवर एक काम करा. आज संध्याकाळी घराभोवती एक चक्कर मारा आणि न्हाणीचं पाणी नेमकं कुठं जाऊन मुरतं, ते बघून ठेवा. तुमच्या बागेची जागा तिथंच आहे.