नावापुढचा एक आकडा बदलला की…

ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदी ‘मार्क’ या पद्धतीने लिहिल्या जातात. लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात येते आणि त्याआधीचा एक अंक नावाची घडण सांगतो. ‘ज्ञानेश्वर’ या नावाला ०, कारण सुरुवात व्यक्तिनामाने. ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ला १, कारण सुरुवात आडनावाने. ‘गार्सिया मार्केझ, गाब्रिएल’सारख्या दुहेरी आडनावांसाठी पूर्वी २ होता. तो १९९६ मध्ये रद्द झाला आणि अशी नावेही १ मध्ये आली.

नियम बदलला, तरी जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. म्हणून आधी सर्व नोंदींची प्रत राखून ठेवावी. मग प्रमाणित नावांची यादी सुधारावी आणि त्यानंतर पुस्तकांच्या नोंदी. तेच नाव विषय म्हणून ६००मध्ये, सहलेखक म्हणून ७००मध्ये आणि मालिकेच्या संदर्भात ८००मध्येही असू शकते. तिथेही दुरुस्ती हवी.

मात्र सरसकट ‘२ काढा, १ घाला’ करू नये. संस्थांच्या नावांसाठी असलेल्या ११०मध्ये २ आजही वैध आहे. तिथे त्याचा अर्थ ‘नाव सरळ क्रमाने लिहिले आहे’ असा होतो. त्यामुळे बदल रकाना पाहूनच करावा, आधी थोड्या नोंदींवर तपासावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.

इतर ग्रंथालयांकडून घेतलेल्या नोंदींतून जुना अंक पुन्हा शिरतो. म्हणून ही तपासणी एकदाच करून भागत नाही. प्रत्येक आयातीच्या वेळी ती करावीच लागते.