पोस्टनेझल ड्रिप

पोस्टनेझल ड्रिप म्हणजे नाक आणि सायनस यांतील स्राव नाकाच्या मागील बाजूने घशात उतरत असल्याची जाणीव होय. 'घशात कफ उतरतो', 'सारखे खाकरावे लागते' अशा शब्दांत रुग्ण ही तक्रार सांगतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. म्हणून तक्रार दीर्घकाळ टिकल्यास केवळ स्राव आटवण्याऐवजी त्यामागील कारण शोधणे महत्त्वाचे ठरते.

शरीरक्रिया

नाकातील श्लेष्मकला सतत श्लेष्मा निर्माण करते. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू त्यात अडकतात. श्लेष्मकलेवरील केसांसारखे सूक्ष्म तंतू, म्हणजे पक्ष्माभिका, हा श्लेष्मा घशाकडे ढकलतात आणि तो नकळत गिळला जातो. म्हणजेच स्राव घशात उतरणे ही नित्याची क्रिया आहे. स्रावाचे प्रमाण वाढले, तो दाट झाला किंवा घसा अधिक संवेदनशील झाला की ही क्रिया जाणवू लागते.

लक्षणे

वारंवार खाकरणे, घशात काहीतरी अडकल्याची भावना, आवाज बसणे, तोंडाला दुर्गंधी आणि आडवे झाल्यावर वाढणारा खोकला ही प्रमुख लक्षणे आहेत. यातून उद्भवणाऱ्या खोकल्यास वैद्यकात 'अप्पर एअरवे कफ सिंड्रोम' असे म्हणतात. प्रौढांमधील आठ आठवड्यांपेक्षा अधिक टिकणाऱ्या खोकल्याच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते.

कारणे

* ॲलर्जी : घरातील धुळीतील माइट, झुरळे, बुरशी, पाळीव प्राणी, तसेच गाजरगवतासारख्या वनस्पतींचे परागकण. शिंका, नाकाला खाज व डोळ्यांतून पाणी ही सोबतची लक्षणे असतात.
* ॲलर्जीविना होणारा नासादाह : थंड हवा, धूर, उदबत्ती, अत्तर किंवा तिखट जेवण यांमुळे नाक वाहू लागते.
* सायनसचा दाह : तो १२ आठवड्यांपेक्षा अधिक टिकल्यास दीर्घकालीन मानला जातो. नाक चोंदणे, चेहरा जड होणे व वास कमी येणे ही लक्षणे आढळतात.
* पित्त वर येणे : जठरातील आम्ल घशापर्यंत आल्यास छातीत जळजळ नसतानाही घशात कफ असल्यासारखे वाटते.
* इतर : गर्भावस्था, नाकाचा वाकडा पडदा, नाकातील कोंब अर्थात पॉलिप.

रक्तदाबावरील रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांमुळे कोरडा खोकला येऊ शकतो आणि तो घशातील कफामुळे येत असल्याचा समज होतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

निदान

एखादी एकच चाचणी हे निदान करत नाही. तक्रार कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी व कशाच्या संपर्काने वाढते, या माहितीचा मोठा उपयोग होतो. गरजेनुसार कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक तपासतात. ॲलर्जीची चाचणी किंवा सायनसचा सीटी स्कॅन निवडक रुग्णांनाच लागतो.

उपचार

ॲलर्जीमध्ये फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइडचे नाकातील फवारे परिणामकारक असतात. त्यांचा पूर्ण गुण येण्यास कित्येक दिवस ते दोन आठवडे लागू शकतात. दोन-तीन दिवसांत आराम पडला नाही म्हणून ते सोडून देणे हे उपचार फसण्याचे नेहमीचे कारण आहे. फवारा मधल्या पडद्यावर न मारता नाकपुडीच्या बाहेरील बाजूकडे मारावा. त्यामुळे पडद्याला इजा होणे व रक्त येणे टळते.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन या नाक मोकळे करणाऱ्या थेंबांचा परिणाम लगेच जाणवतो. मात्र ते तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास औषधाचा अंमल उतरताच नाक पुन्हा चोंदते आणि थेंबांची सवय जडते.

क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या ॲलर्जीरोधक गोळ्या स्राव कमी करतात, परंतु त्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटवाढ असलेल्या ज्येष्ठांनी त्या सल्ल्याविना घेऊ नयेत. पित्ताचा त्रास असल्यास रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास घ्यावे आणि पलंगाची उशाकडील बाजू उंच करावी.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे

दाट स्राव व ॲलर्जीकारक कण धुऊन काढण्यासाठी हा उपाय उपयुक्त आहे. हठयोगातील जलनेती ही याच स्वरूपाची क्रिया आहे. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातल्यास द्रावण शरीरातील द्रवांशी जुळते व नाक झोंबत नाही.

नळाचे, विहिरीचे किंवा टाकीचे पाणी मात्र थेट वापरू नये. अशा पाण्यात क्वचित नेग्लेरिया फॉवलेरी हा अमिबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास होणारा आजार बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोन व्यक्ती यामुळे दगावल्या. हेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. पिण्यास चालणारे पाणी नाकासाठीही सुरक्षित असते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळून कोमट करावे किंवा निर्जंतुक पाणी वापरावे. नेतीपात्र प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण कोरडे करावे.

प्रचलित समज

पिवळा वा हिरवा स्राव म्हणजे जिवाणूसंसर्गच, असे नाही. हा रंग प्रामुख्याने पांढऱ्या पेशींतील द्रव्यांमुळे येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही दिसतो. केवळ रंगावरून प्रतिजैविके घेणे योग्य नव्हे. दुधाने कफाचे प्रमाण वाढते, हेही सिद्ध झालेले नाही. दूध लाळेत मिसळल्याने घशात काही काळ दाटपणा जाणवतो. वाफाऱ्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु गरम पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजण्याचा धोका असतो.

तातडीच्या तपासणीची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी.

* एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव. लहान मुलांत नाकात मणी वा बी अडकलेली असू शकते.
* डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून येणारे पाण्यासारखे द्रव. ते मेंदूभोवतीचे द्रव असू शकते.
* मधुमेही रुग्णांत चेहरा दुखणे, डोळा सुजणे किंवा नाकात काळसर खपली. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात आढळलेल्या म्युकरमायकोसिस अर्थात काळ्या बुरशीची ही लक्षणे आहेत.
* गिळताना त्रास, मानेत गाठ, वजन घटणे किंवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज.