जंताचं औषध पाजलं, तरी करडं का गेली?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळीच ईलिंगला आमच्या घरचा फोन वाजला. रेवदंड्याहून मामेभाऊ बोलत होता. रिटायर झाल्यावर त्याने नारळाच्या वाडीत शेळ्या पाळल्या आहेत. "अरे, करडांना हगवण लागलीय. शेपटाखाली सगळं बरबटलंय, दूधही ओढत नाहीत." आम्ही इथे बसून शहाणपणा केला. जंत असतील, जंताचं औषध पाज, असं सांगितलं. त्याने पाजलं. आठवड्याभरात पाचातली तीन करडं गेली.

मग तालुक्याच्या डॉक्टरांनी लेंड्या तपासल्या, तेव्हा कळलं की ते जंत नव्हतेच. तो कॉक्सीडिओसिस होता, आपल्याकडे ज्याला रक्ती हगवणही म्हणतात (करडांच्या हगवणीत रक्त दिसेलच असं मात्र नाही). आयमेरिया नावाचा एकपेशीय जीव आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो आणि ते अस्तर फोडतो. जंताच्या औषधाने त्याला काहीच होत नाही. आमच्या सल्ल्यापायी चार दिवस फुकट गेले. आपल्यापैकी कितीतरी जणांची माणसं अजून अलिबाग-रोह्याकडे आहेत, आणि फोनवरून सल्ले आपण सगळेच देतो, म्हणून हे लिहितो आहोत.

हा जीव काही नवा नाही. हॉलंडच्या लेवेनहूकने 1674 साली सशाच्या पित्तात याच्याच एका भावंडाची अंडी पाहिली होती. आमची नातवंडं हॅनवेलच्या ज्या पार्काला बनी पार्क म्हणतात, तिथून जाताना आता आम्हाला तेच आठवतं! पण सशाचा आयमेरिया शेळीला लागत नाही, कोंबडीचाही लागत नाही. भावाने उगाच कोंबड्यांवर राग काढला.

खरा उगम आईपाशीच असतो. मोठ्या शेळ्या धडधाकट दिसतात, पण त्यांच्या लेंड्यांतून थोडी थोडी अंडी पडतच असतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांपासून आठवड्याभरात ती लागण करण्याजोगी होतात. करडू ओली जमीन चाटतं, लेंड्या पडलेला पाला खातं, मळलेली कास ओढतं. तीन आठवड्यांपासून पाच महिन्यांपर्यंत धोका जास्त, त्यातही दूध तोडताना. जी वाचतात त्यांतली काही पुढे खुरटतात.

औषधं आहेत. सल्फाची आहेत, अ‍ॅम्प्रोलियम आहे, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. अ‍ॅम्प्रोलियम जास्त दिवस दिलं तर अंगातलं बी-1 जीवनसत्त्व कमी पडून करडू डोकं मागे टाकून पडतं. शिवाय हगवणीत पाणी आणि मीठ जातं, ते भरून काढायला साखर-मिठाचं पाणी लगेच सुरू करावं. आम्ही तेवढं जरी सांगितलं असतं!

साध्या फिनाईलने ही अंडी मरत नाहीत. ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर नेमकं तेच मिळत नाही. भावाने आता फळ्यांमध्ये फटी ठेवून मचाण बांधलंय, लेंड्या खाली पडतात. गव्हाण उंच टांगलीय. करडांचा कप्पा वेगळा केलाय. उरलेल्या दोघांपैकी एक पाट चांगली वाढलीय, दुसरं करडू अजून हडकुळंच आहे.

परवा त्याने पुन्हा फोन केला, एका शेळीला खोकला येतोय म्हणून. आम्ही डॉक्टरांचा नंबर त्यालाच वाचायला लावला.