मानसशास्त्राच्या नगरीत प्राध्यापकांची प्रतीक्षा

कर्नाटक, तामिळनाडू, केरळ, तेलंगण, हिमाचल प्रदेश आणि झारखंड या सहा राज्यांची उच्च शिक्षणविषयक परिषद ५ फेब्रुवारी २०२५ रोजी बेंगळुरूत भरली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या नियमावलीच्या मसुद्याविरुद्ध १५ मुद्द्यांचा ठराव करून संपली. सहाही राज्यांत केंद्रातील सत्ताधाऱ्यांचे विरोधक राज्य करीत होते, तेव्हा परिषदेचा सूर काय लागणार हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती. कुलगुरू राज्यपालांच्या कलाने निवडायचा की राज्य सरकारच्या, यावरच बहुतेक शाई खर्ची पडली. त्याच मसुद्यात प्राध्यापक भरतीचीही कलमे होती. त्यांचा परिणाम कुलगुरूंच्या निवडीपेक्षा अधिक दूरवर पोहोचणारा होता. पण त्यांची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. तो परिणाम समजून घ्यायचा तर बेंगळुरूतच, आणि तेही मानसशास्त्राच्या विभागाकडे पाहणे सोयीचे ठरते.

या विषयाचे आणि या प्रांताचे नाते जुने आहे. भारतात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर अवघ्या आठ वर्षांत, १९२४ साली, म्हैसूर विद्यापीठाने आपला विभाग उघडला. लंडनमध्ये स्पीअरमन यांच्या हाताखाली शिकून आलेले एम. व्ही. गोपालस्वामी त्याचे प्रमुख होते. पुढे १९५४ मध्ये बेंगळुरूत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तिचे आणि तेथील सरकारी मनोरुग्णालयाचे एकत्रीकरण होऊन १९७४ मध्ये 'निम्हान्स' जन्मास आली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या दूरध्वनी सेवेची सूत्रेही याच संस्थेकडे सोपविण्यात आली. देशाच्या मानसिक आरोग्याची राजधानी म्हणून बेंगळुरूचे नाव घेतले जाते, ते उगाच नव्हे.

मात्र 'निम्हान्स'ला स्वतंत्र कायदा आणि केंद्राचे पाठबळ आहे. त्याच शहरातील राज्य विद्यापीठांना ते नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरू विद्यापीठाचे पुढे त्रिभाजन झाले. विद्यापीठे वाढली की विभाग वाढतात, पण विभाग वाढला म्हणून मंजूर पदे आपोआप वाढत नाहीत. राज्य विद्यापीठांना २००० च्या कर्नाटक राज्य विद्यापीठ कायद्याच्या चौकटीत राहून भरती करावी लागते. कार्यभार दाखवायचा, आकृतिबंधात पद बसवायचे, वित्त विभागाची संमती मिळवायची, बिंदुनामावली तपासून घ्यायची, मग जाहिरात आणि मग निवड समिती. यांतील प्रत्येक टप्पा आपापल्या जागी योग्यच आहे. हे सारे टप्पे एकाच वेळी मोकळे सापडणे मात्र दुर्मीळ असते.

मूळ गोम येथे आहे. मानसशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाचे एक पद भरायचे तर तीन सत्तास्थानांचे एकमत लागते. पात्रता अनुदान आयोग ठरवितो, पद आणि पैसा राज्य सरकार देते, आणि रुग्णाशी संबंध येणाऱ्या अभ्यासक्रमांपुरता व्यावसायिक परिषदांचा शब्द अखेरचा असतो. या तिघांची घड्याळे एकाच वेळेला लावलेली नाहीत.

पात्रतेचेच पाहा. २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठातील सहायक प्राध्यापकास १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली. करोनामुळे ती मुदत १ जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली, आणि तो दिवस उजाडण्याच्या तोंडावर सक्तीच रद्द होऊन नेट, सेट वा स्लेट ही किमान अट ठरली. ज्यांनी सक्ती येणार म्हणून तीन-चार वर्षे प्रबंधात घातली आणि ज्यांनी त्या भीतीने अध्यापनाची वाटच सोडली, त्या दोघांनाही धोरणकर्त्यांनी सारखेच कोड्यात टाकले.

मानसशास्त्रात हे कोडे अधिक गुंतागुंतीचे होते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी, आणि त्या नोंदणीचा रूढ मार्ग म्हणजे रुग्णालयातील दोन वर्षांची एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. मोडीत काढली; पण या विषयात पर्यायच उभा नसल्याने २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुभा द्यावी लागली. दुसरीकडे, २०२१ च्या कायद्याने आरोग्यसंलग्न व्यवसायांसाठी नवा राष्ट्रीय आयोग आणला आणि मानसशास्त्रज्ञांचा एक वर्ग त्याच्या कक्षेत गेला. त्याच आधारावर अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. निर्णय समर्थनीय आहे, कारण समुपदेशन टपालाने शिकविता येत नाही. पण दूरस्थ शिक्षणाचे दार बंद केले, तर तेथील विद्यार्थी वर्गखोलीच्या दारात येणार हे ओघाने आलेच. त्या वर्गखोलीत शिकवायला कोण आहे, हा प्रश्न परिपत्रकात नव्हता.

परिणाम असा की, दहा वर्षे रुग्ण पाहिलेला एम.फिल.धारक नेट वा पीएच.डी. नसेल तर अर्जच करू शकत नाही. उलट एकही रुग्ण न पाहता नेट उत्तीर्ण झालेला उमेदवार समुपदेशन शिकविण्यास पात्र ठरतो. जानेवारी २०२५ च्या मसुद्याने तर पदवी वेगळ्या विषयाची असली तरी नेट किंवा पीएच.डी.च्या विषयावर नेमणुकीची मुभा देऊ केली. साहित्यात वा इतिहासात ती लवचीकता कदाचित स्वागतार्ह ठरेल. मानसशास्त्रात मात्र पायाभूत प्रशिक्षणाविना ती घातक आहे.

आता राज्याची बाजू. आरक्षणाची अंमलबजावणी करताना विभाग हा घटक मानायचा की संपूर्ण विद्यापीठ, यावर २०१७ ते २०१९ या काळात मोठा संघर्ष झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आयोगाने मार्च २०१८ मध्ये विभाग हा घटक धरण्याचे फर्मान काढले. मानसशास्त्रासारख्या छोट्या विभागात त्याचा अर्थ काय? केंद्रीय बिंदुनामावलीत इतर मागासांचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातींचा सातवा आणि अनुसूचित जमातींचा चौदावा. पाच पदांच्या विभागात सातवी नेमणूक व्हायला पिढी लोटावी लागेल. देशभर आंदोलन पेटले आणि २०१९ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांपुरता विद्यापीठ हाच घटक पुन्हा मानला गेला.

कर्नाटकात नंतर निराळा पेच आला. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिल्यावर राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबरमध्ये नव्या भरतीच्या जाहिराती रोखल्या. न्या. नागमोहन दास आयोगाचा अहवाल येऊन १७ टक्क्यांची ६, ६ आणि ५ अशी वाटणी ऑगस्ट २०२५ मध्ये ठरली. वंचितांतील वंचितांना न्याय देण्यासाठी थांबणे रास्तच होते. पण थांबते ते कायम पद; तास थांबत नाही. तो घेतो अतिथी व्याख्याता. २०२३ च्या अखेरीस कर्नाटकातील हेच व्याख्याते सेवेत कायम करा म्हणून रस्त्यावर उतरले होते. २०१८ च्या नियमावलीने कंत्राटी नेमणुकांवर १० टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२५ च्या मसुद्याने ती मर्यादाच काढून टाकण्याचे सुचविले. येथे केंद्र आणि राज्य यांचे न बोलता एकमत झालेले दिसते. दोघांनाही कंत्राटी प्राध्यापक स्वस्त पडतो!

बेंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, जून २००२ नंतर महाराष्ट्रात उत्तीर्ण झालेली सेट परीक्षा कर्नाटकात चालत नाही; येथे नेट किंवा कर्नाटकची के-सेटच लागते. दोन, महाराष्ट्रातील अनुसूचित जाती-जमातीचे प्रमाणपत्र कर्नाटक राज्याच्या सेवेतील राखीव जागेसाठी उपयोगी पडत नाही. घटनापीठांनी १९९० आणि २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. अनेकांना हे मुलाखतीच्या पत्राऐवजी अपात्रतेची यादी हाती पडल्यावर कळते. केंद्रीय संस्थांची वाट तुलनेने मोकळी आहे, पण तेथील जागा मोजक्या आहेत.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो? 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १५ कोटी लोकांना मानसिक आरोग्यसेवेची गरज होती आणि विविध विकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारवर एक जबाबदारी टाकली आहे: लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे तज्ज्ञ दहा वर्षांत उपलब्ध होतील, असे प्रयत्न करण्याची. कायदा २०१८ मध्ये अमलात आला, म्हणजे मुदत २०२८ ची. एक मानसशास्त्रज्ञ घडण्यास पदवीपासून सात-आठ वर्षे लागतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

उपाय अगम्य नाहीत. विद्यापीठ हा घटक धरून सर्व मंजूर पदांची जाहिरात एकदम काढावी. रुग्णालयीन अनुभवाला निवडीच्या गुणांत स्पष्ट स्थान द्यावे. अनुदान आयोग, पुनर्वास परिषद आणि नवा राष्ट्रीय आयोग यांनी मानसशास्त्रापुरती एक सामाईक पात्रता ठरवावी. कंत्राटी नेमणुकांची १० टक्क्यांची मर्यादा केंद्राने राखावी आणि राज्यांनी पाळावी. बेंगळुरूच्या परिषदेत राज्यांनी विद्यापीठांवर हक्क सांगितला, तो मान्य व्हावा असेच अनेकांना वाटेल. तथापि हक्क सांगणाऱ्याने रिकाम्या खुर्च्यांचा हिशेबही द्यायला हवा, आणि तो देताना केंद्राकडे बोट दाखवून चालणार नाही.