बॅटरी रात्रीतून कोण पितं?

जुनी गाडी घेणाऱ्याला फुकटचे सल्ले भरपूर मिळतात. त्यातला सगळ्यात महागात पडणारा म्हणजे 'बॅटरी बदला, सगळं ठीक होईल'. बॅटरी उतरते हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग शोधायला एक मल्टिमीटर, दहाचा पाना आणि तासभर वेळ पुरतो. कसा, ते आमच्याच गाडीच्या उदाहरणावरून सांगतो.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही चौघांनी वर्गणी काढून २०११ सालची एक छोटी गाडी घेतली. रोज चालवली तर काही त्रास नाही. पण शुक्रवारी उभी केली की सोमवारी सेल्फ नुसता 'कट-कट' करायचा. डिसेंबरात शेजारच्या रूममधला एकजण रात्री दीड वाजता तापाने फणफणला, तेव्हाही हेच झालं. शेवटी मेसच्या काकांनी टेम्पो काढला म्हणून तो वेळेत दवाखान्यात पोचला. तेव्हा ठरलं, आता याचा छडा लावायचाच. एका गॅरेजवाल्याचं मत, बॅटरी गेली. दुसऱ्याचं मत, डायनॅमो गेला. दोन्ही मिळून खर्च आमच्या दोन महिन्यांच्या मेस बिलापेक्षा जास्त. आणि मोजलं मात्र कोणीच नव्हतं!

आधी बॅटरी आणि डायनॅमो

गाडीच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा खोटा वाढलेला असतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. त्यानंतर इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं तर डायनॅमो, म्हणजे आपल्या पुस्तकातला अल्टरनेटर, चार्जिंग करतोय.

आमच्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड डॅशबोर्डच्या खणातच होतं. बॅटरी जेमतेम पाच महिन्यांची. चार्ज करून, वायर सोडवून दोन दिवस ठेवली तरी १२.६ ची १२.६! इंजिन चालू असताना १४.२. म्हणजे दोन्ही संशयित निर्दोष. बॅटरी गाडीला जोडलेली असतानाच उतरते, याचा अर्थ गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. याला पॅरासिटिक ड्रेन म्हणतात. झाडावरचं बांडगूळच म्हणा ना!

किती खाल्लेलं चालतं?

थोडा करंट प्रत्येक गाडी खातेच. ईसीयूची मेमरी, घड्याळ, अलार्म यांना तो लागतो. २० ते ५० मिलीअँपिअर इथपर्यंत ठीक. आता गणित करा. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. २५ मिलीअँपिअर गेले तर १४०० तास, म्हणजे ५८ दिवस पुरेल. पण ४२० मिलीअँपिअर गेले तर ८३ तास, साडेतीन दिवसही नाहीत. त्यातही बॅटरी पूर्ण रिकामी व्हायची गरज नसते. सेल्फला क्षणभर शंभराच्या वर अँपिअर लागतात, त्यामुळे तो बराच आधी मान टाकतो. शिवाय पुन्हा पुन्हा अशी उतरली की प्लेट्सवर सल्फेट घट्ट बसतं आणि चांगली बॅटरीही खरंच मरते. मग गॅरेजवाला म्हणतो, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?'

मोजायचं कसं

किल्ली काढा, सगळे दिवे बंद करा, बोनेट उघडं ठेवा. दार उघडं ठेवणार असाल तर त्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल. हातातली अंगठी-कडं काढा. आता निगेटिव्हची वायर सोडवा. निगेटिव्हच का? पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह तर बॉडीलाच जोडलेली असते.

सोडवलेली वायर आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये आधी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. तो लख्ख पेटून राहिला तर करंट मोठा आहे, मीटर लावू नका. मंद असेल किंवा पेटलाच नाही तर मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर तिथे सिरीजमध्ये लावा. आता सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. जोडल्याजोडल्या आकडा मोठा दिसतो, कारण ईसीयू जागा होतो. वीस-तीस मिनिटं चहा प्या. मग येतो तो खरा आकडा. आमचा आला ०.४२ अँपिअर.

फ्यूज एकेक करून

मग एकजण मीटरवर, एकजण फ्यूज बॉक्सवर. एक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत लावायचा. सातव्या फ्यूजला आकडा ०.४२ वरून एकदम ०.०३ वर आला. पण फ्यूजवरून फक्त गल्ली कळते, घर नाही. त्या फ्यूजवर आतला दिवा, डिकीचा दिवा आणि स्टिरिओ होता. आतला बल्ब काढला, फरक नाही. डिकीचा काढला, फरक नाही. स्टिरिओचा सॉकेट ओढला, आणि चोर सापडला!

बाजारातून बसवलेल्या स्टिरिओला बहुतेक वेळा पिवळी वायर कायम सप्लायची, मेमरीसाठी असते आणि लाल वायर किल्लीवरची. किल्ली नसतानाही गाणी वाजावीत म्हणून आधी कोणीतरी दोन्ही पिळून एकत्र केल्या होत्या. बटण दाबून सेट बंद दिसायचा, पण आतून जागाच असायचा. लाल वायर सोडवली, किल्ली फिरवल्यावरच सप्लाय येणारी वायर टेस्ट लॅम्पने शोधली, तिला सोल्डर करून टेप मारली. खर्च? टेपचे वीस रुपये.

नव्या गाड्यांत फ्यूज काढ-घाल केली की मॉड्यूल पुन्हा जागे होतात. तिथे फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. १० अँपिअरच्या फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण ७-८ मिलीओहम असतो, म्हणजे ०.४ अँपिअरला ३ मिलीव्होल्ट दिसतील. पहिल्या वर्षाचा ओहमचा नियम, दुसरं काय!

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरचा डायोड गळत असू शकतो. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. बॅटरीच्या डोक्यावर ॲसिडची ओल आणि मळ असेल तर तिथूनही थोडा करंट झिरपतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा, पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी 'बॅटरी बदला' म्हटलं की पाकिटाला हात घालण्याआधी विचारा, 'किती मिलीअँपिअर?' आणि उत्तर आलं नाही तर मीटर घेऊन आमच्या विंगमध्ये या. चहा मात्र तुमच्याकडून!