आरोपीचा बचाव, सरकारी वकिलाच्या तोंडून

२२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार तरुणांपैकी एकाने बर्नहार्ड गेट्झ या प्रवाशाकडे पाच डॉलर मागितले. गेट्झने विनापरवाना रिव्हॉल्व्हर काढून चौघांवर गोळ्या झाडल्या. चौघेही वाचले, एक जण मात्र कायमचा अपंग झाला. चौघे आपल्याला लुटणार होते, असं गेट्झचं म्हणणं. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवायचा का, हा प्रश्न मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीपुढे आला.

ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटी खटला आठवतो. ती ज्युरी खटला ऐकून निकाल देणारी. ग्रँड ज्युरी त्याच्या आधीच्या पायरीवर बसते आणि खटला चालवण्याजोगा पुरावा आहे का, एवढंच बघते. न्यूयॉर्कमध्ये तिच्यात १६ ते २३ सामान्य नागरिक असतात. १२ जणांचं मत पडलं की आरोप निश्चित होतो. कामकाज बंद दाराआड चालतं. आरोपीच्या वकिलाला उलटतपासणी घेता येत नाही. साक्षीदार कोण, पुरावा कुठला, कायदा कोणत्या शब्दांत समजावायचा, हे बहुतांशी सरकारी वकीलच ठरवतो.

चोरीच्या प्रकरणात हे एक वेळ चालून जाईल. स्वसंरक्षणाच्या प्रकरणात गोळी कुणी झाडली यावर सहसा वाद नसतोच, वाद असतो तो का झाडली यावर. आरोपीने स्वतः साक्ष द्यावी, तर त्यातला शब्द न् शब्द पुढे त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. तो गप्प राहिला, तर त्याची बाजू मांडणं उरतं सरकारी वकिलावर. आरोपीच्या फायद्याचा पुरावा दाखवण्याचं बंधन सरकारी वकिलावर नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये केंद्रीय खटल्यांपुरतं ठरवलं. न्यूयॉर्कचा नियम मला अधिक न्याय्य वाटतो. पुराव्यात स्वसंरक्षणाला आधार असेल, तर तो कायदा ज्युरीला सांगावाच लागतो, कारण तो बचाव मान्य झाला तर गुन्हाच उरत नाही.

पहिल्या ग्रँड ज्युरीने गेट्झवर फक्त बेकायदा शस्त्राचा आरोप ठेवला. काही आठवड्यांनी दुसरी बसली. तिच्यापुढे जखमींपैकी दोघांनी साक्ष दिली, गेट्झचा चित्रफितीवरचा जबाब दाखवला गेला आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोप निश्चित झाला. मग वाद पेटला तो एका खुलाशावरून. कायद्यातल्या ‘वाजवी समजुती’चा अर्थ एका सदस्याने विचारला होता. गेट्झच्या जागी एखादा समंजस माणूस असाच वागला असता का ते बघा, असं सरकारी वकिलाने सांगितलं. गेट्झला स्वतःला काय वाजवी वाटलं तेच पाहायला हवं होतं, असं म्हणत खालच्या न्यायालयाने मुख्य आरोप रद्द केले. जुलै १९८६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ते पुन्हा कायम केले. वर्षभराने खटल्याच्या ज्युरीने गेट्झला खुनाच्या प्रयत्नातून निर्दोष सोडलं. शिक्षा झाली ती शस्त्राबद्दल.

मिझुरीतल्या फर्ग्युसनमध्ये २०१४ साली उलटं घडलं. मायकल ब्राऊन या तरुणाला गोळ्या घालून ठार करणारा पोलीस डॅरेन विल्सन स्वतः ग्रँड ज्युरीपुढे कित्येक तास बोलला. सरकारी वकिलांनी ६० साक्षीदार उभे केले, पण कोणता आरोप ठेवावा याची शिफारस केली नाही. त्यांनी ज्युरीच्या हाती १९७९ सालचं, पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडू देणारं राज्याचं कलम दिलं. असा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. दुरुस्ती सांगितली गेली ती निर्णयाच्या तोंडावर. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल राज्याच्या कायद्याच्या वर असतो का, असं एका सदस्याने विचारलं, तर त्याची काळजी करू नका, असं उत्तर मिळालं. आरोप ठेवला गेला नाही.

हे आपल्याला कळलं, कारण तिथल्या नोंदी नंतर खुल्या केल्या गेल्या. एरवी त्या गुप्तच राहतात. न्यूयॉर्कमध्ये आरोप निश्चित झाला, तर आरोपी न्यायाधीशाकडून त्या तपासून घेऊ शकतो. गेट्झच्या वकिलांनी तेच केलं. आरोप नाकारला गेला, तर मृताच्या आईवडिलांना असा कुठलाच हक्क नाही. सरकारी वकिलाने कायदा बरोबर सांगितला की चुकीचा, हे विचारायलाही त्यांना जागा नाही.